टोंगन कुटुंबात आत्याला इतका मान का असतो?

प्रश्न :
ऑकलंडमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या टोंगन कुटुंबातील आजोबांच्या अंत्यविधीला मी गेलो होतो. पार्थिवाच्या उशाशी बसलेल्या एका तरुण बाईंना उत्तमोत्तम चटया आणि सालीच्या कापडाचे गठ्ठे अर्पण केले जात होते, तर त्याच घरातील काही वयस्क माणसे जुन्या, फाटक्या, छातीपर्यंत येणाऱ्या चटया कमरेला गुंडाळून मागच्या अंगणात स्वयंपाकाला राबत होती. राजा आणि सरदार असलेल्या टोंगा या प्रशांत महासागरातील देशात घरातला मानही सरदारकीवरूनच ठरतो का?

प्रतिसाद १ :
नाही. सामान्य घरांतही हीच रीत आहे. भावापेक्षा बहिणीचा दर्जा वरचा, मग ती वयाने लहान का असेना. त्यामुळे आत्या आणि तिची मुले ही भावाच्या मुलांहून मानाने मोठी ठरतात. आपण पाहिलेल्या बाई त्या विधीच्या ‘फाहू’, म्हणजे सर्वांत मानाच्या व्यक्ती असणार; बहुधा आजोबांच्या बहिणीची लेक किंवा नात. मागे राबणारे ते ‘लिओंगी’, म्हणजे मृताहून खालच्या दर्जाचे नातेवाईक, उदाहरणार्थ मृताच्या आईच्या भावाकडची मंडळी. राजघराणेही या नियमातून सुटले नव्हते : तुई टोंगा या पवित्र राजाची बहीण त्याच्याहून श्रेष्ठ, आणि तिची मुलगी ‘तामाहा’ तर सर्वांत श्रेष्ठ मानली जाई. या बहिणीचे लग्न फिजी वंशाच्या घराण्यात लावण्याची प्रथा पडली, ती तिची मुले गादीला आव्हान देऊ नयेत म्हणून, असे अभ्यासक मानतात.

प्रतिसाद २ :
भाषेचे मात्र वेगळे आहे. सामान्य माणसाच्या खाण्याला ‘काई’, सरदाराच्या खाण्याला ‘इलो’ आणि राजाच्या खाण्याला ‘तौमाफा’ म्हणतात. हे तीन थर राजा आणि सरदार यांच्याशी बांधलेले आहेत. घरातला मान शब्दांपेक्षा वागण्यातून दिसतो. वयात आलेल्या भाऊबहिणींनी एका खोलीत झोपू नये, एकमेकांसमोर चावट विनोद करू नयेत, असे संकेत असून अनेक घरांत ते एकत्र बसून चित्रपटही पाहत नाहीत.

प्रतिसाद ३ :
यावरून टोंगात स्त्रियांचे राज्य आहे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. मान आणि सत्ता या तिथे दोन निराळ्या गोष्टी आहेत. सरदारकी आणि जमीन पुरुषांकडून पुरुषांकडे जाते. सोळा वर्षांवरील पुरुषाला सव्वाआठ एकर शेतजमिनीचा हक्क देणारा कायदा स्त्रीला तो हक्क देत नाही. दुसऱ्या बाजूला, आपण पाहिलेले ते गठ्ठे बायकांच्या हातचे असतात. कागदी तुतीची आतली साल लाकडी ओंडक्यावर ठेवून थोपटण्याने ठोकायची, पट्ट्या खळीने चिकटवायच्या आणि मग सगळ्याजणींनी जमून त्यावर ‘कोका’ झाडाच्या सालीच्या रसाने तपकिरी नक्षी उमटवायची, असे ते काम आहे. याला ‘कोलोआ’, म्हणजे संपत्ती म्हणतात. पुरुषांनी पिकवलेली कंदमुळे आणि पाळलेली डुकरे पंगतीत संपून जातात, कोलोआ मात्र पुढच्या लग्नाला किंवा मयताला पुन्हा बाहेर निघते.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. म्हणजे त्या बाईंचा तो मान कायमचा असतो का?

प्रतिसाद १ :
मुळीच नाही. मामाच्या घरी त्या फाहू. उद्या त्यांची स्वतःची आत्या वारली, तर तीच जुनी चटई गुंडाळून त्यांनाही मागच्या अंगणात कामाला लागावे लागेल.