मदत हवी आहे: कमकुवत ग्रिडवर सोलर इन्व्हर्टरचं मॉडेल डोलतंय

नमस्कार मंडळी. सौर प्रकल्पाचा इन्व्हर्टर ग्रिडला जोडायचं मॉडेल सिम्युलिंक या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये करतेय. शॉर्ट सर्किट रेशो (प्रकल्पाच्या क्षमतेच्या तुलनेत ग्रिड किती भक्कम आहे तो आकडा; कमी म्हणजे कमकुवत) ५ असला की सगळं सुरळीत चालतं. तो १.५ च्या आसपास आणला की पीएलएलला (ग्रिडच्या व्होल्टेजशी ताल जुळवणाऱ्या फेज-लॉक्ड लूपला) व्होल्टेजचा कोन नीट पकडता येत नाही. पॉवर आधी हलकेच डोलते, मग डोलणं वाढत जाऊन इन्व्हर्टर ट्रिप होतो. पीएलएलची बँडविड्थ कमी केली (म्हणजे त्याचा प्रतिसाद मंद केला) तर डोलणं थांबतं, पण फॉल्टनंतर (ग्रिडमधल्या शॉर्ट सर्किटसारख्या बिघाडानंतर) सावरायला फार वेळ लागतो.

म्हणून ग्रिड-फॉर्मिंग कंट्रोलकडे वळावं म्हणतेय. त्यात इन्व्हर्टर ग्रिडच्या व्होल्टेजमागे न धावता स्वतःच व्होल्टेज उभं करतो. पण ड्रूप (पॉवर वाढली की फ्रिक्वेन्सी थोडी उतरवणारा कंट्रोल) घ्यावा की व्हर्च्युअल सिंक्रोनस मशीन (फिरत्या जनरेटरची नक्कल करणारा कंट्रोल)? आणि फॉल्टच्या वेळी करंटची मर्यादा लागली (इन्व्हर्टर रेटेड करंटच्या थोडाच वर जाऊ शकतो) की सिंक्रोनिझम (ग्रिडशी जुळलेला ताल) कसं टिकवता? माझं घोडं खरं इथेच अडलंय.

पुढे हे हार्डवेअर-इन-द-लूपवर (खरा कंट्रोलर रिअल-टाइम सिम्युलेशनला जोडून होणाऱ्या चाचणीवर) न्यायचंय. तिथला टाइम स्टेप ५० मायक्रोसेकंद, म्हणून स्विचिंगऐवजी अ‍ॅव्हरेज मॉडेल (स्विचची प्रत्येक उघडझाप न दाखवता सरासरी व्होल्टेज घेणारं) घेतलंय. चालेल ना? प्रत्यक्ष ट्यूनिंग केलेल्यांनी कृपया सांगा, ग्राफ लगेच पाठवते.