पोलिसांचा पैसा की वस्तीतल्या सेवा: मुंबईत ही मागणी नक्की कुणाकडे करायची?

चुनाभट्टी_रहिवासी

आमच्या भागातल्या सोसायट्या आणि चाळ समित्या मिळून नगरसेविकेला निवेदन देणार आहोत. एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. निम्म्या लोकांचं म्हणणं असं की रात्रीची गस्त दिसत नाही, बीट चौकीला कुलूप असतं, तेव्हा पोलिसांसाठी जादा निधी आणि कॅमेरे मागा. उरलेले म्हणतात, अमेरिकेत २०२० मध्ये जो वाद पेटला तो इथेही व्हायला हवा. पोलिसांवरचा काही खर्च समुपदेशन, रात्रनिवारे, व्यसनमुक्ती आणि मुलांसाठी खेळायच्या जागा यांवर घाला. मसुद्यात सध्या वाक्य आहे: "महापालिकेने पोलिसांच्या तरतुदीतील काही भाग सामाजिक सेवांकडे वळवावा."

हे वाक्य टिकेल का? नसेल तर कुठला पैसा कुणाच्या हातात आहे, आणि खरोखर फरक पडेल अशी मागणी कशी लिहायची? जाणकारांनी नेमकं सांगावं.

अर्थसंकल्प_वाचक

ते वाक्य आधी काढून टाका. महापालिकेकडे पोलिसांची तरतूदच नाही, तर वळवणार काय? 'पोलीस' हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला दुसऱ्या क्रमांकाचा विषय आहे. मुंबई पोलिसांचा पगार, गाड्या, इमारती सगळं राज्याच्या गृह विभागाकडून येतं. महापालिकेचं काम १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६१ मध्ये बांधून दिलेलं आहे: रस्ते, दिवे, दवाखाने, प्राथमिक शाळा, अग्निशमन वगैरे. त्यात पोलीस नाहीत.

अमेरिकेत तो वाद का पेटू शकला, हे यावरून कळतं. तिथे शहराचे पोलीस शहराच्याच तिजोरीतून चालतात आणि नगर परिषद एका बैठकीत आकडा बदलू शकते. ऑस्टिनने ऑगस्ट २०२० मध्ये पोलिसांची तरतूद सुमारे १५ कोटी डॉलरने कमी केली आणि पुढच्याच वर्षी ती पूर्ववत झाली. मिनियापोलिसमध्ये पोलीस खात्याच्या जागी नवं खातं आणायचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदारांनी फेटाळला. निकाल काहीही लागो, प्रश्न एकाच तिजोरीतला होता. आपल्याकडे तिजोऱ्या दोन आहेत. मंत्रालयातला वाचलेला रुपया आपोआप महापालिकेच्या दवाखान्यात येत नाही.

पोलिसांचा खर्च स्वतः बघायचा असेल तर राज्याच्या अर्थसंकल्पात गृह विभागाची मागणी क्रमांक ब-१ काढा. महसुली म्हणजे दरवर्षीचा चालू खर्च प्रधान शीर्ष (हिशेबाचा मुख्य क्रमांक) २०५५ खाली, भांडवली म्हणजे बांधकामासारखा खर्च ४०५५ खाली. २०५५ मध्ये गौण शीर्षं बघा: ११३ म्हणजे पोलिसांचं कल्याण, ११५ आधुनिकीकरण, ११६ न्यायवैद्यक. प्रत्येक योजनेखाली उद्दिष्ट शीर्ष ०१ म्हणजे वेतन. या रकान्यावरून बोट फिरवलं की समजतं, सिंहाचा वाटा वेतनाचा आहे. म्हणजे "पोलिसांचा खर्च कमी करा" याचा व्यवहारातला अर्थ "पदं भरू नका" एवढाच होतो. आणि लोक नेमकी नेहमी होणारी चूक करतात ती ही की मार्चमधला आकडा शेवटचा मानतात. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, त्या धरल्याशिवाय तुलना करू नका. तीन रकाने असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. तुलना करायची तर प्रत्यक्षाची प्रत्यक्षाशीच करा.

महापालिकेची बाजू पाहायची तर २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि त्यातले सुमारे ४३,१६२ कोटी भांडवली कामांचे. तुमच्या गटातल्या दुसऱ्या बाजूचं खरं भांडण इथे आहे. समुपदेशक, परिचारिका, निवाऱ्याचा काळजीवाहू हा सगळा महसुली खर्च. तो दरवर्षी करावा लागतो, त्याचं उद्घाटन होत नाही, आणि मोठ्या कामांपुढे मागे पडतो तो पोलिसांमुळे नव्हे.

दोन तिजोऱ्या जिथे एकमेकींना भेटतात अशा जागा थोड्या आहेत. एक, जिल्हा नियोजन समिती. मुंबई शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे, दोन समित्या, अध्यक्ष पालकमंत्री. इथून पोलिसांना वाहनं आणि कॅमेरेही मिळतात, महिला-बालविकासालाही पैसा मिळतो. चुनाभट्टी उपनगर जिल्ह्यात येतं. दुसरी जागा, निर्भया निधी, म्हणजे महिलांच्या सुरक्षिततेसाठीचा केंद्राचा निधी. त्यातल्या 'सुरक्षित शहर' योजनेत देशातल्या आठ शहरांत मुंबई होती आणि मुंबईसाठी २५२ कोटी मंजूर झाले, ६० टक्के केंद्राचे, ४० राज्याचे. तुमची "हे की ते" ही चर्चा खरोखर करता येईल ती या दोन जागी.

खाकीचा_हिशेब

वरचं बरोबर आहे. पण गस्त का दिसत नाही, हे पैशाच्या रकान्यात सापडत नाही. अंमलदार कुठे जातो ते बघा.

ठाण्यात मंजूर पदं किती, प्रत्यक्ष हजर किती, त्यातले न्यायालय, आरोपी पार्टी (आरोपींची ने-आण), समन्स-वॉरंट, अतिमहत्त्वाच्या व्यक्ती आणि बंदोबस्त यांत गेले किती, हे वजा केल्यावर बीटला, म्हणजे नेमून दिलेल्या भागातल्या गस्तीला, उरतात ते. गोविंदा, गणपती, नवरात्र, सभा, मोर्चे आले की रजा बंद होतात आणि बीट रिकामं पडतं. २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. तो चांगला होता, पण तीन पाळ्यांना माणसं जास्त लागतात हे साधं गणित आहे. मनुष्यबळ कमी म्हणून २०२३ मध्ये राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० कर्मचारी कंत्राटावर घ्यायचं ठरलं. त्यामुळे "खर्च कमी करा" म्हणणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन, पैसा कापू नका, काम कापा. जे काम पोलिसाचं नाहीच ते दुसऱ्या प्रशिक्षित माणसाकडे द्या.

सशुल्क बंदोबस्ताचंही बघा. २०२३ मध्ये राज्याने टी-ट्वेंटी सामन्याच्या बंदोबस्ताचं शुल्क २५ लाखांवरून १० लाखांवर आणलं, तेही २०११ पासून मागे जाऊन. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून पूर्ण शुल्क घ्या, ही मागणी दोन्ही बाजूंना मान्य होईल.

काम कापायचं म्हणजे काय, याचं एक उदाहरण नीट सांगतो. रस्त्यावर मानसिक आजाराने भरकटलेला माणूस. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चं कलम १०० म्हणतं की ठाणे प्रमुखाने त्याला संरक्षणात घ्यावं, शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावं, कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवू नये. डॉक्टर तपासतात. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं पोलिसांवर. कायदा स्वच्छ आहे. अडतं ते रुग्णालयाच्या दारात. रात्रपाळीला मानसोपचार विभागाचा डॉक्टर हजर नसतो, खाट नसते, सोबत थांबायला नातेवाईक नसतो, म्हणून दोन अंमलदार सकाळपर्यंत बाकावर. दाखल करायची गरज नाही असं ठरलं तर माणसाला सोडायचं कुठे? निवाराच नसेल तर तो त्याच चौकात परत येतो आणि आठवड्याने पुन्हा तोच फोन. इथे रुग्णालयात रात्रपाळीचा एक समाजसेवक आणि निवाऱ्यात राखीव जागा मिळाली तर ठाण्याचे दोन अंमलदार बीटवर परत येतात. हा खर्च महापालिकेच्या आरोग्य खात्यात बसतो, गृह विभागाला विचारायचीही गरज नाही.

रात्रनिवाऱ्यांचा निकष सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आला आहे: शहरी लोकसंख्येच्या दर एक लाखामागे १०० जणांचा एक निवारा, २४ तास चालणारा. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबई १ कोटी २४ लाख, म्हणजे १२४ निवारे. तुमच्या विभाग कार्यालयाकडून त्यांची यादी मागा आणि विभागाच्या लोकसंख्येशी ताडून बघा.

समाजकार्य_मुंबई

"पोलीस की समाजसेवा" हा प्रश्न मुंबईने चाळीस वर्षांपूर्वीच वेगळ्या पद्धतीने सोडवायला घेतला होता, याचा विसर पडलेला पाहून वाईट वाटतं. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांनी मिळून महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पोलीस आयुक्तालयात सुरू केला. प्रशिक्षित समाजसेविका पोलिसांच्या आवारात बसतात, पण पोलिसांच्या हाताखाली नसतात. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने ही योजना उचलली. आरोग्याच्या बाजूने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही आरोग्य क्षेत्रातली संस्था यांनी 'दिलासा' केंद्र उभं केलं, नंतर ते उपनगरांतल्या इतर रुग्णालयांत गेलं.

ठाण्यात बाई मारहाणीची तक्रार घेऊन येते तेव्हा बहुतेकदा अदखलपात्र नोंद होते (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४) आणि तिच्या हातात एक कागद देऊन घरी पाठवतात. त्या कलमात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासच होत नाही. कक्षात मात्र पुढचं सुरू होतं: तिच्या जिवाला धोका किती ते विचारणं, आज रात्री कुठे झोपणार ते ठरवणं, संरक्षण अधिकाऱ्याकडे घरगुती घटना अहवाल, लागल्यास रुग्णालयात दुखापतीची नोंद, नवऱ्याला बोलावून बैठक, आणि नंतरचा पाठपुरावा. शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात आधी बंद पडणारा.

कक्ष कशाने बिघडतो तेही मागणीत यायला हवं. जागा आवाजाच्या वऱ्हांड्यात असली किंवा दार बंद होत नसलं तर बाई बोलत नाही. समाजसेविका एकटी असली तर ती न्यायालयात गेली की कक्षाला कुलूप. म्हणून किमान दोघी. मानधन महिनोन्‌महिने अडकलं की अनुभवी माणूस सोडून जातो, आणि नवीन माणसाला ठाण्यातल्या लोकांचा विश्वास कमवायला वर्ष लागतं. वरिष्ठ निरीक्षक बदलले की खोली दुसऱ्या कामाला जाते, म्हणून खोलीचा लेखी आदेश हवा, तोंडी नको. आणि सर्वांत घातक चूक म्हणजे तडजोडींची संख्या हेच कामाचं माप ठरवणं. मग बाईला परत त्याच घरात पाठवायचा दबाव येतो.

चुनाभट्टी_रहिवासी

डोळे उघडले. मसुद्यातलं वाक्य काढलं. पण कॅमेरेवाले अजून अडून आहेत. त्यांना काय सांगू? आणि पुरावा म्हणून माहिती अधिकारात नक्की काय मागू?

खांब_क्रमांक

कॅमेऱ्यांना नाही म्हणू नका, क्रम उलटा करा. आधी दिवा, मग कॅमेरा. अंधारात साध्या कॅमेऱ्याला चेहरा मिळत नाही, नुसती सावली मिळते. रस्त्यावरचा दिवा शहर भागात बेस्टचा, बहुतांश उपनगरांत अदानीचा, भांडुप-मुलुंडकडे महावितरणचा. पैसे भरते महापालिका. तक्रार करताना खांबावर रंगवलेला क्रमांक लिहा. "अमुक दुकानासमोरचा दिवा" लिहिलं की तक्रार फिरत राहते. रात्री नऊनंतर दोघांनी गल्ली चालून बंद दिव्यांचे, झाडाच्या फांदीत गेलेल्या दिव्यांचे आणि खांबच नसलेल्या जागांचे तीन वेगळे कागद करा, कारण तिन्हींची खाती वेगळी. फांदीसाठी उद्यान खातं, नवीन खांबासाठी विभाग कार्यालयामार्फत प्रस्ताव. रात्री बंद होणारं सार्वजनिक शौचालयही याच फेरीत टिपा. बायकांच्या दृष्टीने तो सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

शहरभर पोलिसांचे कॅमेरे २६/११ नंतरच्या राम प्रधान समितीच्या शिफारशींतून आले. ते मुख्य रस्त्यांवर. गल्लीत सोसायटीचाच कॅमेरा कामी येतो. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण दोन एमबीपीएसने दिवसाला २१.६ जीबी साठवतो. ३० दिवसांना ६५० जीबी, आठ कॅमेऱ्यांना सुमारे ५.२ टीबी. म्हणजे सहा टीबीची हार्ड डिस्क लागते. एक टीबीची लावली की पाचसहा दिवसांतच जुनं पुसलं जातं, आणि पोलीस मागायला येतात तेव्हा काहीच उरलेलं नसतं. रेकॉर्डरचं घड्याळ महिन्यातून एकदा तपासा. वेळ चुकलेलं चित्रण न्यायालयात वाद उभा करतं. चित्रण देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय आकडा) नोंदवायचं असतं.

खाकीचा_हिशेब

माहिती अधिकाराबद्दल: राज्याच्या नियमांप्रमाणे एक अर्ज, एक विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीन अर्ज करा, एकात सगळं कोंबू नका. पहिला: तुमच्या ठाण्याची मंजूर आणि हजर पदं, संवर्गानुसार. दुसरा: गेल्या आर्थिक वर्षात बंदोबस्तासाठी हद्दीबाहेर पाठवलेले अंमलदार, महिनावार. तिसरा: ११२ या आपत्कालीन क्रमांकावर हद्दीतून आलेले कॉल, प्रकारानुसार. "कारण", "योग्य आहे का" असे शब्द टाळा, मत मागितलं म्हणून अर्ज फेटाळतात. "अशी एकत्रित माहिती ठेवली जात नाही" असं उत्तर आलं तर कलम २(ञ) खाली अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील, स्टॅम्प २० रुपयांचा.

अर्थसंकल्प_वाचक

मग निवेदन एक नको, तीन करा. नगरसेविका आणि विभागाच्या सहायक आयुक्तांना: दिवे, शौचालय, रात्रनिवारा, रुग्णालयात रात्रपाळीचा समाजसेवक. आमदार आणि पालकमंत्र्यांना: ठाण्यात विशेष कक्षासाठी दोन पदं आणि लेखी आदेशाने खोली, खर्च जिल्हा वार्षिक योजनेतून किंवा महिला-बालविकास विभागातून. गृह विभागाला आमदारांमार्फत: रिक्त पदं आणि बंदोबस्त शुल्क.

वेळ महत्त्वाची आहे. आयुक्तांनी अर्थसंकल्पीय अंदाज ५ फेब्रुवारीपर्यंत मांडायचा असतो, पण खात्यांचे आकडे त्याच्या कितीतरी आधी गोळा होतात. तुमचा कागद दिवाळीच्या आसपास विभाग कार्यालयात आवक क्रमांक घेऊन पोचलेला असला पाहिजे. प्रत्येक मागणीपुढे खातं, नग आणि ठिकाण लिहा. "सुरक्षितता वाढवावी" लिहिलेला कागद फाइलला लागतो, "अमुक गल्लीत चार खांब" लिहिलेला कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर जातो.