अल्टूनाच्या 'कर्व्ह' नावाबद्दल

वर एकांनी लिहिलंय की पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनाच्या बेसबॉल टीमचं 'कर्व्ह' (म्हणजे वळण) हे नाव कर्व्हबॉलवरून, म्हणजे हवेत वळत जाणाऱ्या चेंडूवरून आलंय. तो श्लेष आहेच, पण मूळ नाव गावाजवळच्या हॉर्सशू कर्व्हचं, रेल्वेच्या वळणाचं. हे गावच मुळात पेनसिल्व्हेनिया रेलरोडने 1849 मध्ये वसवलं, डोंगर चढायच्या आधी इंजिनं दुरुस्त करायला वर्कशॉप हवं म्हणून. आणि ते वळण 1854 चं, बहुतेक आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्याने डोंगर फोडून, दरी भरून काढलेलं, सरळ चढ गाडीला झेपणारा नव्हता म्हणून घोड्याच्या नालेसारखा फिरवून नेला. मला तर ते मजूरच आठवतात हे नाव ऐकलं की.

आणि बेसबॉल इथे 1999 ला ही टीम आली तेव्हा सुरू झाला असं समजू नका हं. 1884 मध्ये युनियन असोसिएशन नावाची मेजर लीग, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची स्पर्धा निघाली होती, त्यात अल्टूनाची 'माउंटन सिटी' टीम होती, एवढंसं रेल्वेचं गाव आणि समोर सेंट लुईस, बॉस्टनसारखी शहरं! 25 मॅच, 6 जिंकल्या, 19 हरल्या, मेअखेरीस टीम बंद, जागा कॅन्सस सिटीला. तरी मला त्या 6 मॅचचं फार कौतुक वाटतं.

आताच्या मैदानात राइट फील्डच्या (मैदानाच्या उजव्या बाजूच्या) भिंतीमागे लेकमाँट पार्क या करमणूक पार्कचा लाकडी रोलरकोस्टर दिसायचा, तोही वळणं घेत जायचा.