मदत हवी आहे : फौंड्रीतील बॅग फिल्टरची वीज कमी करायची आहे, पण शेकआउटवरची धूळ वाढता कामा नये

नमस्कार.

कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची बिडाच्या कास्टिंगची मध्यम आकाराची फौंड्री आहे. दोन इंडक्शन भट्ट्या, ग्रीन सँडची (बेंटोनाइट माती आणि पाणी मिसळलेल्या वाळूची) एक मोल्डिंग लाइन, शेकआउट (साचा फोडून कास्टिंग वाळूतून वेगळे करण्याची जागा) आणि सँड प्लँट असा पसारा आहे. देखभाल विभाग माझ्याकडे असल्यामुळे शेकआउट आणि सँड प्लँटची धूळ ओढणारा पल्स जेट बॅग फिल्टरही (कापडी पिशव्यांतून हवा गाळून त्या पिशव्या दाबाच्या हवेच्या झोताने, म्हणजे पल्सने, झटकणारी यंत्रणा) माझ्याच जबाबदारीत येतो. ही यंत्रणा सात वर्षांपूर्वी बसवली. गेल्या वर्षभरात तिच्या विजेवरून व्यवस्थापनाने मला तीनदा विचारले, आणि त्यांचे विचारणे रास्तच आहे. या क्षेत्रातील जाणकारांनी आकडे पाहून मार्ग सुचवावा, अशी विनंती आहे.

पुरवठादाराच्या कागदावर यंत्रणेची क्षमता ताशी २०,००० घनमीटर आहे. फिल्टरमध्ये १६० मिमी व्यासाच्या आणि ३ मीटर लांबीच्या १२० पॉलिएस्टर बॅगा आहेत, म्हणजे कापडाचे क्षेत्रफळ साधारण १८१ चौरस मीटर भरते. मुख्य डक्ट ६०० मिमी व्यासाचा आहे. ब्लोअर पट्ट्यावर चालतो आणि त्याला ३० किलोवॅटची मोटर आहे. ती १६ तास चालते आणि क्लँप मीटरवर ४६ अँपिअर दाखवते, म्हणजे सुमारे २८ किलोवॅट ओढते. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,३४,००० युनिट होतात. आमच्या बिलाच्या सरासरी दराने ही रक्कम १२ लाखांच्या घरात जाते, आणि त्यात पल्सिंगसाठी वेगळा चालणारा ७.५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर धरलेला नाही.

मागच्या महिन्यात पिटॉट ट्यूब (डक्टमधील हवेचा वेग मोजणारी नळी) मागवून मी स्वतः मोजमाप केले, तेव्हा मुख्य डक्टमध्ये हवा ताशी १६,५०० घनमीटरच भरली आणि वेग सेकंदाला १६ मीटरच्या आसपास निघाला. ब्लोअरवरचा एकूण दाब ३१५ मिमी पाणी इतका आहे. त्यातले २१० मिमी बॅगांवर, ७५ मिमी हूड (धूळ ओढणारे तोंड) आणि डक्टमध्ये, तर सुमारे ३० मिमी अर्धवट मिटलेल्या डँपरवर (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवर) खर्च होतात. डक्टचे हँडहोल उघडले, तर आडव्या भागात तळाशी चार बोटे वाळू बसलेली होती. ती हाताने खरवडली तेव्हा वरचा थर भुसभुशीत होता, पण खालचा थर पाणी पिऊन दगडासारखा घट्ट झाला होता.

दाबाचा मोठा भाग पावसाळ्याने खाल्ला आहे, असा माझा अंदाज आहे. गरम मोल्ड फुटला की वाळूतील पाण्याची वाफ हवेबरोबर ओढली जाते, जून ते सप्टेंबर या काळात थंड डक्टमध्ये तिचे लगेच पाणी होते आणि बेंटोनाइटची बारीक धूळ बॅगांवर लिंपल्यासारखी बसते. एक बॅग काढून पाहिली. नवी बॅग एका हाताने सहज उचलता येते, ही उतरवायला दोन माणसे लागली. त्यावर उपाय म्हणून आमच्याकडे पल्सचा टायमर १० सेकंदांवर आणला आणि पल्सच्या हवेचा दाब चौरस सेंटीमीटरला ६ किलोपर्यंत वाढवला. तरीही बॅगांवरचा दाब खाली आलेला नाही.

आता नियमांची बाजू. चिमणीची चाचणी आम्ही नियमित करून घेतो. पर्यावरण संरक्षण नियमांत इंडक्शन भट्टीसाठी धूलिकणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे, आमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात) या चिमणीलाही तीच घातली आहे, आणि गेल्या चाचणीत आमचा आकडा ३८ आला. कागदावर आम्ही उत्तम आहोत. पण शेकआउटवर वीस वर्षे उभे राहणारे एक मामा आहेत. जेवणाच्या सुट्टीत ते डब्याचे झाकण उघडण्याआधी गमछ्याने पुसतात, आणि त्या गमछ्यावर राखाडी पट्टा उमटतो. एका रात्री लाइन चालू असताना मी आजूबाजूचे दिवे मालवले आणि हूडच्या मागून बॅटरीचा झोत टाकला. एरवी न दिसणारी बारीक धूळ हूडच्या पुढच्या कडेवरून उसळून थेट मामांच्या चेहऱ्याच्या उंचीवर जाताना स्पष्ट दिसली. सिलिकोसिस (वाळूची बारीक धूळ श्वासातून फुफ्फुसात जाऊन होणारा आजार) हा कायद्याने अधिसूचित आजार आहे आणि बरा होत नाही, हे या धाग्यावरच्या कुणाला सांगायला नको.

एका ऊर्जा सल्लागारांनी व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवून ब्लोअर ५० ऐवजी ४२ हर्ट्झवर आणण्याचा सल्ला दिला आहे. वेगाच्या घनाच्या प्रमाणात वीज कमी होते, म्हणून ४० टक्के बचत होईल, असे त्यांचे गणित आहे. गणित चुकीचे नाही, पण डक्टमधला वेग त्यामुळे साडेतेरा मीटरवर येईल आणि आज चार बोटे साठणारी वाळू उद्या अर्धा डक्ट भरेल. शिवाय हूडची आजच अपुरी असलेली ओढ आणखी कमी होईल. त्या प्रस्तावावर सही करायला माझा हात धजावत नाही.

म्हणून तीन प्रश्न आहेत. वीज आणि शेकआउटवरची धूळ, दोन्ही एकदम कमी करण्याचा मार्ग आहे का? बॅगांची संख्या वाढवावी लागेल का? आणि बदल करताना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बाजूने कोणती काळजी घ्यावी?

— ओतकाम

प्रतिसाद १ — डक्टकाम

आपण पिटॉट घेऊन मोजमाप केलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. बहुतेक ठिकाणी मोटरच्या पाटीवरचा आकडा सांगून सल्ला मागितला जातो.

सही न करण्याचा आपला निर्णय योग्य आहे. जड आणि कोरड्या धुळीसाठी डक्टमध्ये सेकंदाला १८ ते २० मीटर वेग लागतो, फौंड्रीच्या वाळूसाठी मी २० धरतो. आपण आजच त्याच्या खाली आहात. व्हीएफडी उपयोगाचा आहे, पण तो शेवटी बसवायचा असतो, कारण आधी हवेची गरज कमी करावी लागते.

आपल्या आकड्यांवरून ब्लोअर हवेला साधारण १४ किलोवॅट देतो आणि मोटर २८ ओढते, म्हणजे निम्मी वीज मोटर, पट्टा आणि इंपेलरमध्ये (ब्लोअरच्या फिरणाऱ्या पात्यांच्या चाकात) वाया जाते. इंपेलरची पाती वाळूने झिजली आहेत का आणि पट्टा घसरतो का, हे आधी पाहा. पण खरी गोष्ट हूडची आहे. आपला शेकआउट हूड बाजूने ओढणारा आणि समोरून उघडा असावा, असे वर्णनावरून वाटते. अशा हूडला उघड्या तोंडाच्या प्रत्येक चौरस मीटरसाठी हवा मोजून द्यावी लागते. तोंड ५ चौरस मीटर असेल आणि तिथे सेकंदाला १ मीटर वेग ठेवायचा असेल, तर ताशी १८,००० घनमीटर हवा लागते. तेच तोंड दोन्ही बाजूंनी पत्रा आणि समोरून जाड रबरी पट्ट्या लावून ३ चौरस मीटरवर आणले, तर १०,८०० घनमीटर पुरते आणि धूळ आजच्यापेक्षा जास्त पकडली जाते.

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. कारखाने कायदा, १९४८ च्या कलम १४ मध्ये धूळ तिच्या उगमाच्या शक्य तितक्या जवळ ओढावी आणि तो उगम शक्य तितका बंदिस्त करावा, असे स्पष्ट लिहिले होते. हे कलम कामगारांच्या आरोग्यासाठी होते, पण मी आजवर पाहिलेला विजेच्या बचतीचा सर्वांत स्वस्त उपायही तोच आहे. त्या कायद्याच्या जागी २०२५ मध्ये २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली म्हणून त्यामागचे शास्त्र बदलत नाही.

सँड प्लँटसह एकूण हवा १४,००० घनमीटरवर आली असे धरू. आजच्या ६०० मिमीच्या डक्टमध्ये ती पावणेचौदा मीटर वेगाने जाईल आणि वाळू साठेलच, म्हणून मुख्य डक्ट ५०० मिमीचा करावा, म्हणजे वेग २० मीटरजवळ येतो. १८१ चौरस मीटर कापडातून हवेचा वेग मिनिटाला १.२९ मीटर होईल. मूळ रचनेत तो १.८४ होता आणि बेंटोनाइटसारख्या बारीक धुळीला तो फार जास्त आहे, आपल्या बॅगा बुजण्याचे एक मूळ तिथेच आहे. बॅगा वाढवण्याची गरज मला वाटत नाही. बॅगांवरचा दाब १२० मिमीवर आला आणि डँपर पूर्ण उघडला, तर एकूण २०० मिमी पुरेल आणि मोटर १३ ते १५ किलोवॅटवर चालेल. वेग कायमचाच कमी करायचा असल्याने आधी पुली बदलून पाहा, तिचा खर्च व्हीएफडीच्या मानाने नगण्य असतो.

प्रतिसाद २ — वातावरण

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. बॅगा आणि नियम यांबद्दल थोडी भर घालतो.

दर १० सेकंदांनी ६ किलोने पल्स मारल्यामुळे बॅगा साफ होत नाहीत. बॅगेवर धुळीचा पातळ थर राहावा लागतो, कारण बारीक कण खरे तर तोच थर अडवतो. तो पुन्हा पुन्हा झटकला की कण कापडाच्या आत शिरतात आणि मग कितीही पल्स मारले तरी निघत नाहीत. टायमर काढून दाबावर चालणारा कंट्रोलर बसवा. उदाहरणार्थ, बॅगांवरचा दाब १२५ मिमीला पोहोचला की पल्स सुरू व्हावेत आणि १०० ला थांबावेत. पल्सचा दाब ४ ते ५ किलो ठेवा. ब्लोअर बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटे पल्स चालू ठेवा, कारण उलटी ओढ नसताना धूळ हॉपरमध्ये (फिल्टरच्या तळाच्या धूळ साठवणाऱ्या भागात) नीट पडते. कॉम्प्रेसरच्या हवेला ड्रायर आहे का, हे जरूर पाहा. नसेल तर पावसाळ्यात आपणच आतून बॅगांवर पाणी शिंपडत आहात. पुढच्या वेळी पाणी आणि तेल न धरणाऱ्या प्रक्रियेच्या बॅगा मागवा आणि शेकआउटपासूनचा डक्ट बाहेरून इन्सुलेट करा.

कन्सेंटमध्ये धूळ नियंत्रण यंत्रणेचे वर्णन असते, म्हणून डक्ट, पुली आणि हवेचे प्रमाण बदलण्याआधी मंडळाला लेखी कळवा आणि बदलानंतर नवी चाचणी करून घ्या. चिमणीतील वेग बदलणार असल्याने जुना अहवाल पुढे लागू धरू नये.

३८ मिलिग्रॅम हा आकडा चिमणीचा आहे, मामांच्या श्वासाचा नाही. त्यासाठी कामगाराच्या कॉलरला सँपलर लावून पूर्ण पाळीची श्वसनीय धूळ (फुफ्फुसात खोलवर जाणारे बारीक कण) आणि तिच्यातील क्वार्ट्झ (वाळूतील सिलिका) मोजून घ्या. कारखाने कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातील सूत्र असे होते की क्वार्ट्झच्या टक्केवारीत २ मिळवून त्याने १० ला भागायचे. क्वार्ट्झ २० टक्के निघाला, तर त्या सूत्राने मर्यादा घनमीटरला ०.४५ मिलिग्रॅम येते. हूड बदलण्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा.

धागाकर्त्याचे उत्तर — ओतकाम

दोघांचेही मनापासून आभार. रविवारच्या सुट्टीत आम्ही हूडच्या दोन्ही बाजूंना जुना पत्रा लावला आणि समोर कन्व्हेयरच्या टाकाऊ बेल्टच्या पट्ट्या टांगल्या. सोमवारी रात्री पुन्हा बॅटरीचा झोत टाकला. धूळ अजून आहे, पण ती पट्ट्यांच्या आत वळते आणि हूडमध्ये खेचली जाते. पुढच्या कडेवरून उसळणारा तो लोट आता दिसत नाही. मामांनी एवढेच विचारले की पट्ट्या कायम राहणार का, कारण कास्टिंग ओढायचा आकडा त्यांत अडकतो. त्यासाठी मधल्या दोन पट्ट्या आखूड केल्या आहेत.

इंपेलर उघडला, पाती कडेला धारदार होईपर्यंत झिजली होती. नवा इंपेलर आणि पुली यांची मागणी दिली आहे. कॉम्प्रेसरला ड्रायर नाही, तो पहिल्यांदा घेणार आहे. सँपलरने मोजमाप करणारी प्रयोगशाळा पुढच्या आठवड्यात येत आहे.

एक प्रश्न उरला आहे. ५०० मिमीच्या डक्टचे काम मे महिन्यात पूर्ण होईल असे दिसत नाही. पावसाळा जुन्या डक्टवर काढावा लागला, तर तोवर हवा आजच्या इतकीच ठेवून फक्त पल्सिंग आणि ड्रायर यांचे काम करावे, की सँड प्लँटच्या फांदीला थोडी जास्त हवा देऊन मुख्य डक्टचा वेग टिकवावा? ज्यांनी असा अर्धवट काळ काढला आहे, त्यांनी कृपया सांगावे.