जबड्यातल्या प्लेटा काढायच्या की जन्मभर वागवायच्या?

गंगापूररोडकर

मंडळी, मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये माझं दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन झालं, १४ महिने झाले. खालचा जबडा लहानपणापासून पुढे, शाळेत पोरं काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. आधी दीड वर्ष ब्रेसेस, मग वरचा जबडा कापून पुढे घेतला, खालचा दोन्ही बाजूंनी उभा चिरून मागे सरकवला, हनुवटी पण थोडी हलवली. एक्स-रेवर मोजलं तर ७ प्लेटा आणि २८ स्क्रू, सगळं टायटॅनियम. चावणं, बोलणं, दिसणं एकदम झकास, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

तक्रारी दोनच. वरच्या ओठाच्या आत डाव्या बाजूला, नाकपुडीच्या खाली, बोट फिरवलं की मोहरीच्या दाण्याएवढं काहीतरी लागतं, ते स्क्रूचं डोकं आहे. आणि दुसरं म्हणजे डिसेंबरात फर्स्ट शिफ्टला पहाटे बाइकवर सातपूरला निघालो की गाल गार पडतो, बाहेरून नाही, आतून, कोणीतरी हिरडीला कुल्फी लावून धरल्यासारखा. निफाडचा पारा घसरला हे मला आता पेपर न वाचता कळतं.

सर्जन म्हणतात हाड जुळलंय, राहू दे. आई म्हणते परकी वस्तू अंगात नको, शेजारच्या काकांच्या पायातला रॉड काढला ना मग तुझं का नाही. आणि घरात माझ्या लग्नाचं बघतायत, म्हणून मला वाटतंय आत्ताच एकदा सगळं काढून मोकळं व्हावं. कोणी काढल्यात का? काढू नको म्हणणाऱ्यांनी पण कारण द्या, नुसतं डॉक्टरवर विश्वास ठेव हे नको.

मेरी_कॉलनी

नको काढूस. कारण मागितलंस म्हणून देतो. ७ प्लेटा काढायच्या म्हणजे परत पूर्ण भूल, परत नाकातून नळी, परत त्याच जुन्या टाक्यांच्या जागेवर चिरा, परत आठवडाभर मऊ भात आणि सुजलेलं तोंड. पहिल्या वेळेला निदान बदल्यात नवीन चेहरा मिळाला, ह्या वेळेला काय मिळणार, एक डबीभर स्क्रू? आणि खालच्या ओठाची नस तिथूनच जाते, पहिल्या ऑपरेशननंतर माझा ओठ पाच महिने बधिर होता, चहा ओघळलेला कळायचा नाही, ती नस परत कोणाच्या हत्याराखाली द्यायची माझी तरी तयारी नाही.

माझ्या प्लेटांना आठ वर्षं झाली. ओझरच्या विमानतळावरून चारदा गेलो, गेट एकदाही वाजलं नाही. मागच्या वर्षी मानेचा एमआरआय केला, आधी सांगितलं जबड्यात टायटॅनियम आहे, टेक्निशियन म्हणाला चालतं. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, तोंडाजवळचं चित्र जरा काळं येतं एवढंच.

अंबडचा_फिटर

आठ वर्षं काही झालं नाही म्हणून पुढे पण होणार नाही, ही गॅरंटी कोणी दिली भो? मी पण असंच म्हणायचो. तिसऱ्या वर्षी खालच्या डाव्या दाढेच्या मागे हिरडीवर पुळी आली, दाबली की खारट पू. अँटिबायोटिक घेतलं की आठ दिवस बरं, परत चालू. असं चार महिने. शेवटी सर्जनने उघडलं तर दोन स्क्रू हलत होते आणि बाकीच्या दोघांवर हाड चढलेलं. माझं आयुष्य स्क्रू काढण्यात गेलंय म्हणून सांगतो, मशीनवर पण स्क्रू जास्त वर्ष राहिला की तो धरतो, आणि धरलेला स्क्रू काढताना डोकं गोल झालं की खेळ खल्लास, मग ड्रिल मारून काढा. माझ्या जबड्यात तेच झालं, एका स्क्रूचं डोकं गोल झालं, बाजूचं हाड खोदून काढला. वर्षाच्या आत काढलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

आणि हे टायटॅनियम टायटॅनियम काय लावलंय, शेवटी धातूच आहे, कधीतरी रक्तात उतरणारच. आई बरोबर बोलतेय तुझी.

मेरी_कॉलनी

फिटर भाऊ, राग मानू नका, पण तुम्हीच मागे एका धाग्यात लिहिलं होतं की ऑपरेशननंतर दोन महिन्यांत सिगरेट परत सुरू केली. मग प्लेटेला का दोष देताय? सिगरेटवाल्यांची जखम उशिरा भरते आणि इन्फेक्शन जास्त होतं हे कोणताही सर्जन सांगेल.

अंबडचा_फिटर

ओढत होतो, कबूल. आता सोडली. पण पू प्लेटेभोवतीच झाला ना, प्लेटच नसती तर कशाभोवती झाला असता?

पंचवटीची_मावशी

तुमचं वाचून हसू आलं रे पोरांनो. माझं ऑपरेशन १९८८ चं, मुंबईला झालं, तेव्हा आमच्या नशिबी प्लेटा कुठल्या. हाडाला भोकं पाडून स्टीलच्या तारेने बांधलं आणि वरचे खालचे दात एकमेकांना तारेने घट्ट आवळून ठेवले, सहा आठवडे तोंड बंद. दाढेच्या मागच्या फटीतून स्ट्रॉने ताक, वरणाचं पाणी आणि नाचणीची आंबील. उलटी झाली तर कापायला म्हणून उशाशी वायर कटर दिला होता, सासूबाई रात्रभर तो हातात धरून बसायच्या. तुम्ही लोक दुसऱ्या दिवशी बोलायला लागता ते ह्या प्लेटांमुळे, हे तरी विसरू नका.

दातांची तार निघाली, आतली तशीच आहे. ३५ वर्षं कधीच होऊन गेली. दाताचा एक्स-रे काढला की नवीन डॉक्टर दचकतात, तेवढीच माझी करमणूक. त्रास शून्य. थंडीत गार पडतं म्हणतोस तर मफलर बांध की गाढवा, हेल्मेटच्या आत.

सिडकोवाली

मावशी तुम्ही भारी आहात, पण तुमच्या वेळी पर्याय नव्हता म्हणून राहिली तार, आता पर्याय आहे तर का नाही विचार करायचा? माझी मावसबहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानला असते, तिचं ऑपरेशन तिकडेच झालं, तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की वर्षभराने प्लेटा काढायला यायचं. तिकडे तशी पद्धतच आहे. आपल्याकडे इंग्लंड अमेरिकेसारखं, त्रास नसेल तर ठेवा. म्हणजे एकाच प्लेटेबद्दल दोन देशांत दोन मतं, मग आपलंच बरोबर कशावरून?

मी स्वतः ११ व्या महिन्यात खालच्या दोन काढल्या, वरच्या ठेवल्या. सकाळी ॲडमिट, दुसऱ्या दिवशी घरी. सूज चार दिवस, पहिल्या ऑपरेशनच्या पाव पण नाही. मनातली धाकधूक गेली ह्याची किंमत कोणी धरतच नाही. स्क्रू लघवी तपासायच्या डबीत घालून दिले, चाळीत सगळ्यांनी हलवून वाजवून बघितले.

मेडिक्लेमचं मात्र बघून घे. पहिल्या ऑपरेशनला आमच्या कंपनीने कॉस्मेटिक म्हणून हात वर केले होते, दुसऱ्याला पण तेच, मग सर्जनने दुखतं, बोटाला लागतं, लाल होतं असं सविस्तर लिहून दिलं तेव्हा अर्धे पैसे आले. नुसतं पेशंटची इच्छा असं लिहिलं तर विसर.

मेरी_कॉलनी

पद्धत आहे म्हणजे बरोबर आहे असं कुठे असतं. आपल्याकडे पण बाळाला डांबून गुटी देतात. आणि धाकधूक म्हणाल तर मला भूल घ्यायची धाकधूक जास्त आहे, तिचं काय?

दातवाला

मी डेंटिस्ट आहे, जबड्याचा सर्जन नाही, तेवढं धरून वाचा.

फिटर साहेब, तुमचं अर्धं बरोबर, अर्धं चूक. टायटॅनियमवर हवेत आल्या आल्या ऑक्साइडचा पातळ थर बसतो, म्हणून ते लोखंडासारखं गंजत नाही. प्लेटेच्या शेजारच्या मांसात त्याचे बारीक कण सापडतात हे खरं, पण त्याने शरीराला अपाय होतो असं काही सिद्ध झालेलं नाही. काकांच्या रॉडचं पण तसंच, पायावर अंगाचा भार असतो, तिथलं गणित वेगळं, आणि मोठ्या माणसांचे रॉडसुद्धा सगळेच काढत नाहीत. पण स्क्रू धरतो हे शंभर टक्के. १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी सशाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवली होती, प्रयोग संपल्यावर ती निघेचना, हाडाने पकडून ठेवलेली. आज आम्ही जे दाताचे इम्प्लांट बसवतो ते त्यातूनच आले. म्हणजे ज्या गुणावर आमची रोजीरोटी चालते तोच गुण प्लेट काढताना आडवा येतो.

आता मुद्द्याचं. सगळ्या काढू की सगळ्या ठेवू असं भांडताय कशाला, प्रत्येक प्लेट वेगळी आहे. नाकपुडीजवळची प्लेट हिरडीच्या लगेच वर असते, ती एकटी कित्येकदा नुसत्या इंजेक्शनवर निघते, पूर्ण भुलीची गरज नसते. खालची दाढेकडची आत खोल, तिथे स्क्रूड्रायव्हर सरळ लागावा म्हणून कधी गालावर बाहेरून बारीक छेद द्यावा लागतो. हनुवटीची प्लेट ओठाच्या नसेच्या शेजारी. त्यामुळे जी बोचते ती काढायचा विचार करणं वेगळं आणि जिचा पत्ताही लागत नाही तिला शोधायला जाणं वेगळं. पू, उघडी पडलेली प्लेट, हलणारा स्क्रू, ह्यात मात्र वाद नाही, काढायचीच. गार लागणं हे खरं कारण आहे, हसण्यासारखं नाही, पण गार नक्की कुठल्या प्लेटेमुळे लागतं हे आधी सर्जनला बोट ठेवून दाखव. तुझा गाल म्हणजे बहुतेक मागची वरची असेल, बोटाला लागते ती पुढची, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि एक काम आजच कर. ऑपरेशनच्या फाइलमध्ये प्लेटांचे स्टिकर असतात, कंपनी, साइज, लॉट नंबर. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचा खाचा वेगळा, कोणाचा अधिक चिन्हासारखा, कोणाचा चौकोनी, कोणाचा चांदणीसारखा. दुसऱ्या गावात दुसऱ्या सर्जनकडे गेलास आणि त्याच्याकडे तो ड्रायव्हर नसला तर फिटर साहेबांसारखं होतं.

अंबडचा_फिटर

हेच तर सांगतोय सकाळपासून! बिट जुळला नाही की डोकं गोल. माझं पहिलं ऑपरेशन पुण्याला, दुसरं इथं, फाइल घर बदलताना गेली. सर्जनने तीन कंपन्यांचे सेट मागवून ठेवले होते तरी एकच बसला आणि तो पण ढिला.

सिडकोवाली

ते विरघळणाऱ्या प्लेटा पण असतात ना, त्याच का घालत नाहीत सगळ्यांना?

दातवाला

असतात. पण त्याच ताकदीसाठी जाड कराव्या लागतात, महाग पडतात आणि विरघळेपर्यंत काही जणांना सूज येते. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये त्यांचा उपयोग जास्त. ह्याच्या तोंडात टायटॅनियम ऑलरेडी बसलंय, आता त्याची चर्चा करून काय उपयोग.

गंगापूररोडकर

फाइल शोधली. स्टिकर सापडले, फाइलमध्ये नाही, आईने देवघराच्या ड्रॉवरमध्ये विम्याच्या पावत्यांबरोबर ठेवलेले. चांदणीचा खाचा आहे म्हणे, सर्जनच्या असिस्टंटने फोनवर सांगितलं. शनिवारी जाऊन आलो. बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले नाकपुडीजवळची इंजेक्शनवर काढू, वीस-पंचवीस मिनिटं, हिवाळा संपायच्या आत कधीही ये. गालाच्या गारव्याचं म्हणाले अजून एक थंडी बघ, तेवढ्यासाठी मागच्या प्लेटेला हात लावायला मी तयार नाही. खालच्या आणि हनुवटीच्या तर विषयच नाही म्हणाले.

आईला अजून पटलेलं नाही, तिचं म्हणणं एक काढताय तर सात का नाही, भाजी घ्यायला गेल्यावर कोथिंबीर तेवढी घेऊन येतं का कोणी.

मेरी_कॉलनी

एक पण नको होती काढायला. पण ठीक आहे, इंजेक्शनवर असेल तर एवढा विरोध नाही माझा.

अंबडचा_फिटर

पुढच्या डिसेंबरला परत धागा काढशील बघ. तेव्हा सहा काढायच्या असतील आणि हाड चढलेलं असेल.

पंचवटीची_मावशी

मफलर घेतलास का?