नवख्यांचे पगार: २०११ आधी आणि नंतर

नवख्या खेळाडूंच्या पगारामुळे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे संघ गाळात जातात, असं म्हटलं जातं. २०१० पर्यंत ते खरंच होतं. त्या वर्षी सेंट लुईस रॅम्सने सॅम ब्रॅडफर्डला एकही सामना खेळायच्या आधी सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर कबूल केले, त्यातले ५ कोटी हमीचे! लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारात नवख्यांची वेतनश्रेणी बांधली गेली आणि त्या वर्षी सगळ्यात आधी निवडल्या गेलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी मिळाले.

मला तर आता उलटा अन्याय दिसतो. ब्रॉक पर्डी, २०२२ च्या ड्राफ्टमधला (संघ पाळीपाळीने नवखे निवडतात तो) शेवटचा, २६२वा खेळाडू. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला त्याने सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, त्या २०२३ च्या हंगामात त्याचा पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर. ड्राफ्टमधून आलेल्याला तीन हंगाम संपेपर्यंत करार बदलून मागायचीही सोय नाही.