मदत हवी आहे: कपाळावरच्या खाजऱ्या पुटकुळ्या, मुरुम की बुरशी?

वय २७, पुरुष. दोन महिन्यांपासून कपाळावर केसांच्या कडेने आणि पाठीवर बारीक पुटकुळ्या आल्या आहेत. सगळ्या जवळपास एकाच मापाच्या, आणि घाम आला की जाम खाजतात. ब्लॅकहेड एकही नाही. कॉलेजात असताना मुरुम होते, पण ते गालावर, लहानमोठे, काही पिकलेले, दुखरे. खाज मात्र कधीच नव्हती. म्हणून शंका येते.

सहा आठवडे रात्री २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (मुरुमांवरचं औषध) लावलं. गालावरचे एकदोन जुने मुरुम बसले, कपाळ जैसे थे. डोक्याला खोबरेल लावणं बंद केलं, हेल्मेटचं अस्तर धुतलं. स्टेरॉइडचं मलम लावलेलं नाही (आई देत होती, नको म्हटलं). पुटकुळ्या सुरू व्हायच्या आधी दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं होतं. कोंडा आहेच.

त्वचारोगतज्ज्ञांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. तोवर किटोकोनॅझोलचा (बुरशीनाशक) शाम्पू कपाळावर पाच मिनिटं ठेवून धुतला तर चालेल का? की डॉक्टरांना तपासणीत बुरशी दिसावी म्हणून तसंच ठेवू?